अफगाण मित्राची फाईल: तिसऱ्या देशात सुरक्षित जायचं असेल तर सुरुवात कुठून करायची

"भाईजान, कॅनडाका फॉर्म कहाँ मिलेगा?" कोंढव्यात राहणाऱ्या एका अफगाण विद्यार्थ्याने मला पहिल्याच भेटीत हे विचारलं. फॉर्म सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतो, दहा मिनिटांत छापून हातात येतो. पण तो भरण्याआधी जी पाच-सहा कामं करायची असतात, ती न करता भरलेला फॉर्म दोन-तीन वर्षांनी नकार घेऊन परत येतो. मग त्याच माणसाने दुसऱ्यांदा खरं सांगितलं तरी आधीच्या फॉर्मातली चूक त्याच्या मानेवर बसलेली असते.

हा लेख अशा मराठी माणसांसाठी आहे ज्यांच्या ओळखीत एखादा अफगाण माणूस आहे. वर्गमित्र असेल, भाडेकरू असेल, तुमच्या हाताखाली पीएचडी करणारी मुलगी असेल. पुण्यात हे लोक नवे नाहीत, कितीतरी वर्षं इथल्या कॉलेजांत शिकताहेत. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडलं आणि विद्यार्थी म्हणून आलेली ही मुलं एका दिवसात परत जाता न येणारी माणसं झाली. तेव्हापासून त्यांच्या कागदांना हात लावायची वेळ कुणावरही येऊ शकते, आणि हात लावायचा तर नीट लावलेला बरा.

आधी इथले कागद

भारत सरकारची अफगाणांना परदेशी पोचवण्याची कोणतीही योजना नाही. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर आणि १९६७ च्या पूरक करारावर भारताने सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही आपल्याकडे नाही. कायद्याच्या नजरेत तुमचा मित्र फक्त 'परदेशी नागरिक' आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेला इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा त्यालाही तसाच लागू होतो. त्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र भक्कम आहे. संविधानाच्या कलम २१ मधला जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क 'व्यक्ती'ला दिलेला आहे, फक्त नागरिकाला नाही. चकमा निर्वासितांच्या प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट सांगितलं. वकिलाशी बोलताना हा निकाल लक्षात असू द्या.

म्हणून पहिलं काम परदेशाचं नाहीच. व्हिसा कधी संपतो ते बघा. विद्यार्थी असेल तर बोनाफाइड, फी भरल्याच्या पावत्या, हजेरी, आणि परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयातली नोंद, ज्याला सगळे एफआरआरओ म्हणतात. बहुतेक काम आता ऑनलाइन होतं, पण पुण्यात पोलीस आयुक्तालयाच्या परदेशी नागरिक शाखेत एखादी चक्कर होतेच. घरमालक तुम्ही असाल तर भाडेकरू आल्यापासून २४ तासांत त्याची ऑनलाइन नोंद करायची असते. लोक तिला अजूनही 'सी फॉर्म' म्हणतात. 'कशाला पोलिसांच्या भानगडीत पडायचं' म्हणून मालक ही नोंद टाळतात, आणि दोन वर्षांनी पोरगा मुदतवाढ मागायला जातो तेव्हा पत्त्याचा पुरावाच नसतो. उपकार करायचा तर आधी एवढा करा.

व्हिसा आधीच संपला असेल तर घाबरून लपून राहण्याने प्रकरण चिघळतं. निर्वासित असल्याचा दावा करणाऱ्या परदेशी नागरिकांची तपासणी कशी करायची याची गृह मंत्रालयाने २०११ च्या अखेरीस कार्यपद्धती ठरवली आणि तीत दीर्घ मुदतीच्या व्हिसाची तरतूद ठेवली. तो हमखास मिळतो असं नाही, पण अर्ज केला होता हे दाखवता येणंही कामाचं असतं. नागरिकत्व दुरुस्ती कायद्याबद्दल हमखास प्रश्न येतो. तो ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांसाठी आहे. दिल्लीतल्या अनेक अफगाण शीख कुटुंबांना तो उपयोगी पडू शकतो. २०२१ नंतर अडकलेल्या हजारा किंवा ताजिक या मुस्लिम समाजांतल्या विद्यार्थ्याला नाही.

पासपोर्टची गोष्ट नाजूक आहे. जुन्या अफगाण प्रजासत्ताकाच्या मुत्सद्द्यांनी चालवलेला दिल्लीतला दूतावास नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाला. मुंबईचं वाणिज्य दूतावास चालू राहिलं, पण नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथे तालिबान सरकारने नेमलेला अधिकारी आला. तालिबानच्या भीतीने परदेशी आश्रय मागणारी व्यक्ती त्याच सरकारच्या माणसाकडे पासपोर्ट नूतनीकरणाला गेली, तर पुढच्या मुलाखतीत 'मग भीती कसली?' हा प्रश्न येणारच. शिवाय नाव, पत्ता, फोटो सगळं तिकडे पोचतं. गेलेलं चूकच असं मी म्हणत नाही, कधीकधी व्हिसा टिकवायला दुसरा इलाजच नसतो. पण वकिलाला विचारल्याशिवाय जाऊ नये, आणि गेलंच तर का गेलो हे त्याच दिवशी तारखेसह लिहून ठेवावं.

केस आहे का, आणि कोणती

निर्वासित ठरायला पाच कारणांपैकी एक लागतं: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत, किंवा एखाद्या विशिष्ट सामाजिक गटाचं सदस्यत्व. या कारणावरून छळ होईल अशी सकारण भीती हवी. गरिबी, बेकारी, 'तिकडे भविष्य नाही' ही कारणं माणसाला कितीही खरी वाटली तरी या चौकटीत बसत नाहीत. माझ्या अनुभवात मुलं नेमकं हेच आधी सांगतात, कारण छळाबद्दल बोलायची लाज वाटते. अर्धा तास कॉलेजच्या फीबद्दल बोलून झाल्यावर, चहा संपता संपता एखादा सांगतो की वडील जिल्हा न्यायालयात सरकारी वकील होते. केस ती असते.

अडचण बाहेर पडल्यानंतर निर्माण झाली असली तरी चालतं, हे फार जणांना माहीत नसतं. मुलगी २०१९ मध्ये शिकायला आली, तेव्हा कसलीच भीती नव्हती, पण २०२१ नंतर परत जाणं धोक्याचं झालं, तर तीही निर्वासित ठरू शकते. बायकांच्या बाबतीत युरोपीय संघाच्या न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०२४ ला मोठा निकाल दिला: तालिबानने अफगाण स्त्रियांवर लादलेली बंधनं एकत्र धरली तर तो छळच आहे, आणि प्रत्येकीने आपल्याला स्वतंत्रपणे धमकी आली होती हे सिद्ध करण्याची गरज नाही. हा निकाल दिल्लीत बंधनकारक नाही, पण निवेदनात संदर्भ द्यायला उत्तम. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने तालिबानच्या सर्वोच्च नेत्यावर आणि सरन्यायाधीशावर स्त्रियांच्या छळाबद्दल अटक वॉरंट काढलं, तेही जोडा.

दिल्लीची वारी

भारतात अफगाणांची निर्वासित म्हणून नोंद आणि तपासणी करतो तो संयुक्त राष्ट्रांचा निर्वासित उच्चायोग, म्हणजे यूएनएचसीआर. महाराष्ट्रात त्याचं कार्यालय नाही, दिल्ली गाठावी लागते. जाण्याआधी अधिकृत संकेतस्थळावरच्या क्रमांकावर किंवा ईमेलवर वेळ घ्यावी लागते, थेट दारात जाऊन उपयोग नाही. राहण्याची सोय भोगल, लाजपत नगर, मालवीय नगर भागात बघा. तिथे अफगाण वस्ती आहे, तंदूरची लांब नान मिळते, आणि महत्त्वाचं म्हणजे आधी या प्रक्रियेतून गेलेली माणसं भेटतात. त्यांचं ऐका, पण त्यांची गोष्ट उसनी घेऊ नका.

आधी नोंदणी होते, कुटुंबातल्या प्रत्येकाचे फोटो, बोटांचे ठसे आणि बुबुळांची नोंद घेतली जाते, आणि आश्रय मागत असल्याचा कागद मिळतो. मग महिन्यांनी, कधी त्याहून खूप उशिरा, सविस्तर मुलाखत. ती एकट्याची असते, नवरा-बायकोची वेगवेगळी. बाईला बाई अधिकारी आणि बाई दुभाषी मागता येते, आणि ते नोंदणीच्या वेळीच सांगावं. भाषाही नेमकी सांगा. दरी आणि पश्तो वेगळ्या, आणि हजारगी, म्हणजे हजारा लोकांची बोली, बोलणाऱ्याला काबूलची दरी समजली तरी स्वतःचं दुःख त्या भाषेत सांगता येईलच असं नाही. मान्यता मिळाली की कार्ड मिळतं. नकार आला तर ठरलेल्या मुदतीत अपील करता येतं, आणि ते करायचंच.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. कार्ड मिळालं म्हणजे परदेशी जायची रांग लागली असं नाही. पुनर्वसनासाठी अर्ज करायची सोयच नाही. उच्चायोग स्वतः माणसं निवडतो आणि एखाद्या देशाकडे नाव पाठवतो. जगभरच्या निर्वासितांपैकी दरवर्षी एक टक्क्याहून कमी लोकांच्या नशिबी हे येतं. निवडीचे निकष ठरलेले आहेत: कायदेशीर किंवा शारीरिक धोका, छळ वा हिंसा सोसलेली व्यक्ती, इथे उपचार होऊ न शकणारा आजार, धोक्यातल्या स्त्रिया आणि मुली, धोक्यातली मुलं, तुटलेलं कुटुंब जोडणं, आणि दुसरा कुठलाच टिकाऊ मार्ग नसणं. यातलं काही तुमच्या मित्राला लागू होत असेल तर ते उच्चायोगाला कळलेलं असलं पाहिजे. नोंदणीनंतर घरात आजार उद्भवला, नवरा सोडून गेला, घरमालकाने त्रास दिला, तर प्रत्येक वेळी ईमेल करून फाईलवर नोंद करून घ्या. 'त्यांना त्रास नको द्यायला' असा संकोच इथे महागात पडतो.

फाईल

मुख्य काम हे. यात तुमचा, म्हणजे मराठी मित्राचा, खरा उपयोग आहे, कारण यासाठी शांत डोकं आणि तीन-चार रविवार लागतात.

पहिली गोची तारखेची. या लोकांच्या अफगाण कागदांवर बहुधा हिजरी शम्सी म्हणजे सौर कालगणना असते आणि तिचं वर्ष २१ मार्चच्या सुमाराला सुरू होतं. महिन्यांची नावं ऐकली तर आपल्याला हसू येईल, कारण त्या राशीच आहेत: हमल म्हणजे मेष, सौर म्हणजे वृषभ, जौजा मिथुन, सरतान कर्क, असद सिंह, अशा थेट हूत म्हणजे मीनेपर्यंत. पंचांग उघडून सायन सूर्य कोणत्या राशीत ते पाहिलंत की अफगाण महिना सापडतो. वर्षात ६२१ मिळवायचे की इसवी सन येतो, पण १ जानेवारी ते २० मार्चमधल्या तारखेला ६२२ मिळवावे लागतात. चुका बरोबर इथेच होतात. एका मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १५ जदी १३७८ होती. जदी म्हणजे मकर, तो लागतो २२ डिसेंबरला, म्हणजे तारीख आली ५ जानेवारी २०००. भाषांतरकाराने सरधोपट ६२१ मिळवून १९९९ लिहिलं होतं आणि पासपोर्टवर २००० होतं. एका वर्षाचा फरक, आणि मुलाखत घेणाऱ्याला ती दोन वेगळी माणसं वाटू शकतात.

जुना कागदी तझकिरा, म्हणजे त्यांचं ओळखपत्र, आणखी मजेशीर. त्यावर जन्मतारीख नसतेच बऱ्याचदा. '१३८८ साली दहा वर्षांचा दिसतो' अशी नोंद असते. त्यावरून पुढच्या कार्यालयाने १ जानेवारी टाकून दिलेली असते. एका घरातल्या चार भावंडांचा जन्म १ जानेवारीचा बघून आपल्या शाळेत १ जूनला जन्मलेली निम्मी पिढी आठवते. यात लबाडी नसते, पण ते समजावून सांगावं लागतं.

नावांचंही तेच. तझकिऱ्यावर स्वतःचं नाव, वडिलांचं आणि आजोबांचं. आडनाव नसतं. पुढे ज्याला जे आवडेल ते तो लावतो आणि त्याला तखल्लुस म्हणतात. आपल्याकडे तखल्लुस म्हटलं की गझलकार डोळ्यांपुढे येतात, त्यांच्याकडे ते पासपोर्टवर असतं. त्यामुळे सख्ख्या भावांची आडनावं वेगळी असू शकतात. त्यात रोमन लिपीत मोहम्मद, मुहम्मद, मोहमद अशी स्पेलिंगं कागदोकागदी बदलतात.

यावर उपाय साधा आहे. एक मोठा तक्ता करा. आडव्या ओळीत घरातली प्रत्येक व्यक्ती, उभ्या स्तंभात प्रत्येक कागद: तझकिरा, पासपोर्ट, व्हिसा, निकाहनामा, दहावी-बारावीची प्रमाणपत्रं, पदवी, उच्चायोगाचं कार्ड. प्रत्येक चौकोनात त्या कागदावरचं नाव आणि तारीख जशीच्या तशी. जिथे फरक दिसेल तिथे लाल खूण. मग एक पानाचं प्रतिज्ञापत्र, ज्यात प्रत्येक लाल खुणेचं कारण सरळ शब्दांत. कागद 'दुरुस्त' करून आणायच्या भानगडीत पडू नका, फरक तसाच ठेवून खुलासा जोडलेला केव्हाही चांगला.

दुसरं काम, दहा वर्षांचा कालक्रम. कॅनडाच्या पार्श्वभूमीच्या फॉर्ममध्ये, ज्याला शेड्यूल ए म्हणतात, मागच्या दहा वर्षांतल्या प्रत्येक महिन्याचा हिशेब लागतो: कुठे राहिलात, काय करत होतात. एक महिनाही मोकळा चालत नाही. 'बेकार होतो, मामाकडे मजार-ए-शरीफ शहरात राहिलो' हेही लिहायचं. एका वहीत आधी ऋतूंवरून आठवायला सांगा. 'त्या वर्षी नवरोजला कुठे होतास?' असं विचारलं की माणसाला झटकन आठवतं, 'मार्च २०१८ ला कुठे होतास?' याला तो गप्प बसतो.

तिसरं, निवेदन. दोन ते चार पानं, प्रथमपुरुषी, काळाच्या क्रमाने. काय घडलं, कधी, कुठे, कोणी केलं, तुम्हाला कसं कळलं, परत गेलात तर काय होईल. माहीत नाही तिथे 'माहीत नाही' लिहा. स्वतः पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवा. इंग्रजी तुम्ही सुधारा, गोष्ट सुधारू नका. तुम्ही मजकूर चढवलात तर मुलाखतीत त्याला तुमची वाक्यं पाठ म्हणावी लागतील आणि तिसऱ्याच प्रश्नाला पितळ उघडं पडेल. शबनाम्यांपासून विशेष सांभाळून. शबनामा म्हणजे रात्री दाराखालून सरकवलेलं तालिबानचं धमकीचं पत्र. खरे असतात, पण खोट्यांचा बाजारही जुना आहे आणि अधिकाऱ्यांना तो पुरता ठाऊक आहे. खरा असेल तर मूळ कागद, कधी आणि कोणाला सापडला यासह द्या. नसेल तर नसू दे. विकत घेतलेला एक कागद उरलेल्या नव्वद खऱ्या कागदांना बुडवतो.

चौथं, घरातली सगळी माणसं. प्रत्येक फॉर्मवर प्रत्येक मुलाचं, नवऱ्याचं वा बायकोचं नाव लिहा, ते सोबत येणार नसले तरी, बेपत्ता असले तरी. कॅनडात नियम असा आहे की मूळ अर्जात न दाखवलेल्या कुटुंबीयांना पुढे सहसा बोलावता येत नाही. उलट दाखवलेले पण मागे राहिलेले जोडीदार आणि मुलं, पोचल्यापासून वर्षभरात अर्ज केला तर त्याच वर्गातून येऊ शकतात. लग्न झाल्याचं लपवणारे, धाकट्याला 'नंतर बघू' म्हणून वगळणारे, सगळे इथे फसतात.

कोणती दारं उघडी आहेत

नाव मोठं आणि दार बंद, अशी गत आज बऱ्याच देशांची आहे. अमेरिकेने २० जानेवारी २०२५ च्या आदेशाने निर्वासित पुनर्वसन थांबवलं आणि ९ जून २०२५ पासून अफगाण नागरिकांच्या प्रवेशावर बंदी घातली. अमेरिकी फौजेसोबत काम केलेल्यांचा खास व्हिसा वेगळा, पण त्यातल्या मुख्य मंजुरीसाठी अर्ज करायची मुदतही ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. ब्रिटनच्या दोन्ही अफगाण योजना १ जुलै २०२५ ला नव्या अर्जांसाठी बंद झाल्या. जर्मनीचा ऑक्टोबर २०२२ चा खास कार्यक्रम अफगाणिस्तानातच असलेल्या लोकांसाठी होता, त्यात थेट अर्ज करताच येत नव्हता, आणि २०२५ मध्ये नव्या सरकारने तो गुंडाळला. ज्यांना आधी लेखी हमी मिळाली होती ते इस्लामाबादमध्ये अडकले आणि त्यातल्या काहींना बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जाऊन हमी पाळून घ्यावी लागली. यातून घ्यायचा धडा असा की सरकारचा कोणताही ईमेल पुसू नये.

कॅनडाने ४०,००० अफगाणांना नेण्याचं उद्दिष्ट ऑक्टोबर २०२३ मध्ये पूर्ण केलं आणि ती खास योजना संपली. उरतं ते खासगी प्रायोजकत्व. त्यात तिथले लोक किंवा संस्था वर्षभराचा खर्च आणि आधार देण्याची हमी घेतात. पाचजणांचा गट आणि स्थानिक संस्था यांच्याकडून नवे अर्ज घेणं २९ नोव्हेंबर २०२४ पासून थांबवण्यात आलं, म्हणून अर्जाआधी इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर आजची स्थिती बघायचीच. सरकारशी करार असलेल्या मोठ्या संस्थांचा, म्हणजे चर्च, गुरुद्वारे, स्थलांतरितांच्या संघटना यांचा मार्ग वेगळा आहे. त्यांना वार्षिक कोटा असतो. कॅनडात तुमचं कोणी नातेवाईक असेल तर इथे त्याचा उपयोग होतो: टोरांटो, कॅलगरीतल्या मराठी माणसाने स्थानिक करारधारक संस्थेकडे जाऊन 'एका कुटुंबासाठी तुमच्या यादीत जागा आहे का?' एवढं विचारायचं. दहापैकी नऊ नाही म्हणतील. दहावीसाठी फाईल तयार असली पाहिजे. पाचजणांच्या गटाला उच्चायोगाने दिलेली निर्वासित मान्यता लागत असे, करारधारक संस्थेला ती सक्तीची नाही.

माझ्या मते भारतात असलेल्या अफगाणाने सर्वांत आधी ऑस्ट्रेलिया बघावं. तिथे मानवतावादी व्हिसाचा वर्ग २०० ते २०४ क्रमांकांचा आहे. ८४२ क्रमांकाचा अर्ज स्वतः करता येतो, आणि २०२ क्रमांकासाठी ऑस्ट्रेलियातल्या नागरिकाने, कायम रहिवाशाने किंवा संस्थेने ६८१ क्रमांकाचा प्रस्ताव भरावा लागतो. २०४ हा धोक्यातल्या, पुरुष आप्ताचा आधार नसलेल्या स्त्रियांसाठी. यापैकी बहुतेकांना अर्जाचं शुल्क नाही. जागांच्या कितीतरी पट अर्ज आहेत, तेव्हा आशा बेताने ठेवा. पण प्रस्तावक जवळचा नातेवाईक असेल तर पारडं जड होतं.

ब्राझीलने सप्टेंबर २०२१ पासून अफगाणांना मानवतावादी व्हिसा दिले. पुढे निवाऱ्याची सोय न झालेली कुटुंबं साओ पावलोच्या ग्वारुल्योस विमानतळावर जमिनीवर झोपू लागली, आणि आता स्वागत करणाऱ्या संस्थेची हमी लागते. इटलीत सरकार आणि धर्मसंस्था मिळून 'मानवतावादी मार्गिका' चालवतात, पण अफगाणांसाठी तिचा भर इराण आणि पाकिस्तानात असलेल्यांवर राहिला आहे.

नवरा किंवा बायको आधीच कुठे पोचली असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि कुटुंब एकत्रीकरण बघा. जर्मनीत निर्वासित दर्जा मिळाल्यावर तीन महिन्यांच्या आत तिथल्या माणसाने कुटुंबाला बोलावण्याचा इरादा नोंदवला तर घर आणि उत्पन्नाच्या अटी शिथिल होतात. तीन महिने हा आकडा कॅलेंडरवर लाल करून ठेवा. निर्वासित दर्जा न मिळता फक्त दुय्यम संरक्षण मिळालेल्यांसाठी मात्र जुलै २०२५ पासून हे दोन वर्षं स्थगित आहे.

व्यवसायाची वाटही असते. प्राध्यापक आणि संशोधकांसाठी स्कॉलर्स अॅट रिस्क आणि जर्मनीचा फिलिप श्वार्त्स उपक्रम, विद्यार्थ्यांसाठी डाडचा, म्हणजे जर्मनीच्या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेचा, हिल्डे डोमिन कार्यक्रम. यातल्या शेवटच्यात विद्यार्थ्याने अर्ज करायचा नसतो, जर्मन संस्थेने नाव सुचवायचं असतं. पुण्यातल्या विभागप्रमुखाची जर्मन विद्यापीठात ओळख असते, आणि त्यांचं एक ईमेल इथे दहा वकिलांचं काम करतं. पत्रकारांनी सीपीजे (पत्रकारांच्या संरक्षणासाठीची समिती) किंवा रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्सकडे, मानवाधिकार कार्यकर्त्यांनी फ्रंट लाइन डिफेंडर्सकडे लिहावं. नर्स, वेल्डर, सॉफ्टवेअरवाले यांच्यासाठी टॅलेंट बियाँड बाउंडरीज ही संस्था परदेशी मालकांशी गाठ घालून देते.

पैसे मागणारा माणूस

उच्चायोग, दूतावास, आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना, यापैकी कोणीही यादीत नाव घालायचे पैसे घेत नाही. 'आतला माणूस' नसतो. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने एजंटाला ऐंशी हजार दिले, आईच्या बांगड्या मोडून. मिळालं काय, तर संकेतस्थळावरून फुकट उतरवलेला फॉर्म, भरलेला, आणि त्यात धाकट्या मुलाचं नावच नाही. व्हॉट्सअॅपवर येणारा 'व्हिसा ग्रँट' कागद खरा वाटला तरी त्याचा ईमेल पत्ता बघा. सरकारी पत्ता जीमेलवर नसतो.

कागद पाठवतानाही हात आखडता ठेवा. ब्रिटनच्या संरक्षण खात्याकडून फेब्रुवारी २०२२ मध्ये सुमारे १९,००० अफगाण अर्जदारांची यादी एका चुकीच्या ईमेलने बाहेर गेली, आणि ते जगाला कळलं जुलै २०२५ मध्ये. सरकारकडून असं होतं तिथे गल्लीतल्या सायबर कॅफेचं काय घेऊन बसलात. मागितलं तेवढंच, मागितलं त्यालाच. स्कॅन घरी करा आणि कॅफेच्या संगणकावर काही ठेवू नका.

मंजुरी आल्यावर

वाट बघणं वर्षांत मोजायचं. या काळात पत्ता, फोन, बाळंतपण, लग्न, सगळं सरकारला कळवत राहायचं. मग एक दिवस वैद्यकीय तपासणीचं पत्र येतं. ती फक्त त्या देशाने नेमलेल्या डॉक्टरकडे होते. छातीच्या एक्स-रेत क्षयाची शंका आली तर उपचार पूर्ण होईपर्यंत सहा महिने थांबावं लागतं. म्हणून खोकला असेल तर पत्राची वाट न बघता आधीच महापालिकेच्या दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, उपचार फुकट आहेत. तपासणीचा निकाल साधारण बारा महिने चालतो आणि व्हिसाची मुदतही बहुधा त्यालाच बांधलेली असते.

पासपोर्ट नसेल तर आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस एका प्रवासापुरता कागद देते, पण घेणाऱ्या देशाची मंजुरी दाखवल्यावरच.

आणि मग ज्याच्यावर बहुतेकांचं विमान चुकतं तो कागद: भारतातून बाहेर पडायची परवानगी. व्हिसा संपलेला असेल किंवा फक्त उच्चायोगाचं कार्ड असेल तर एफआरआरओकडून निर्गमन परवाना लागतो, आणि त्याशिवाय विमानतळावरून परत पाठवतात. जादा मुक्कामाचा दंड लागू असेल तर तो आधी भरावा लागतो. अर्ज ऑनलाइन, पण पोलीस पडताळणीत आठवडे जातात. मंजुरीचं पत्र आलं त्याच दिवशी अर्ज करा, तिकिटाची वाट बघू नका.

तिकीट बहुधा आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना काढते. कॅनडाला जाणाऱ्यांना ते कर्जाऊ असतं, पोचल्यावर हप्त्यांनी फेडायचं. निघताना त्या संघटनेची नाव छापलेली एक पिशवी हातात देतात, आत एक्स-रे आणि बंद पाकिटं. ती फोडायची नाहीत, मोठ्या बॅगेत टाकायची नाहीत. तक्त्याची एक प्रत, प्रतिज्ञापत्र आणि मूळ तझकिरे त्या पिशवीच्या शेजारी, जवळच्याच बॅगेत ठेवा. तिकडच्या काउंटरवरही पहिला प्रश्न नाव आणि जन्मतारखेचाच असतो.